दहावीचे 90.80 टक्के आणि अकरावीचे 25 पैकी 9

जुळे सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सेमी इंग्रजीची, दहावीला 90.80 टक्के. चौकात फ्लेक्स लागला, पेढे वाटले, अकरावी सायन्सला प्रवेशही मिळाला. आणि पहिल्याच घटक चाचणीत गणितात 25 पैकी 9. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आईचे प्रश्न तीन: शाळेने गुण वाटले होते का? बोर्डच निकाल फुगवतं का? आणि सायन्स सोडायला लावावं का?

ताई, मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत. बोर्डाचे पेपर तपासले, पुढे नियामक म्हणून इतरांनी तपासलेले पेपरही पाहिले. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देताना मी आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी कपाटातून गुणपत्रिका काढा. टक्केवारी झाका आणि फक्त विषयवार आकडे पाहा. तुम्ही पाठवलेले असे आहेत: मराठी 88, संस्कृत 96, इंग्रजी 84, गणित 81, विज्ञान 86, सामाजिक शास्त्रे 93. सहा विषयांची बेरीज 528. 600 पैकी 528 म्हणजे बरोबर 88 टक्के. मग 90.80 आले कुठून? आपल्याकडे 2010 पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे. सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या पाचांची टक्केवारी काढायची. 528 मधून 81 गेले, उरले 447. पाचशेपैकी 447 म्हणजे 89.40. त्यात इंटरमिजिएट चित्रकलेच्या ‘अ’ श्रेणीचे 7 गुण. झाले 454, म्हणजे 90.80.

सगळं नियमात आहे, कुणी काही चोरलेलं नाही. पण बाजूला पडलेला विषय कोणता ते बघितलंत का? गणित! ज्या टक्केवारीच्या जोरावर तुमची मुलगी सायन्सला गेली, त्या टक्केवारीत गणित हा विषयच नाही. एरवी मी हे हसत सांगतो, पण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये अशी चार तरी मुलं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या आईबापांपैकी एकानेही हा हिशेब करून पाहिलेला नसतो.

आता त्या 81 कडे येऊ. गणिताचे 100 म्हणजे बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि शाळेच्या हातातले 20. गुणपत्रिकेवर ही फोड दिसत नाही, पण शाळेने 20 पैकी 20 दिले असं धरून चला. बहुतेक वेळा ते खरंच निघतं. म्हणजे लेखीत 80 पैकी 61.

40 गुणांचा पेपर कसा असतो ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. पहिला प्रश्न 8 गुणांचा: चार पर्यायी आणि चार एका गुणाचे. दुसरा 12 गुणांचा, त्यात चौकटी भरून ‘कृती पूर्ण करा’ आणि दोन-दोन गुणांची उदाहरणं. तिसरा 9 गुणांचा, तिथेही एक कृती आहेच. चौथा 8 गुणांचा, तीनपैकी दोन सोडवायची. पाचवा 3 गुणांचा, दोनपैकी एक. आम्ही शिक्षक चौथ्या-पाचव्याला ‘डोक्याचे प्रश्न’ म्हणतो. पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं तिथे येत नाही. कोणता धागा ओढायचा ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं.

एखाद्या मुलाने चौथा आणि पाचवा प्रश्न उघडलाच नाही, बाकीचं सगळं बरोबर केलं, तर त्याला एका पेपरात 29 मिळतात. दोन्ही मिळून 58. त्यात अंतर्गतचे 20. झाले 78. म्हणजे स्वतःच्या डोक्याने एकही उदाहरण न सोडवता गणितात विशेष योग्यतेच्या वरचे गुण मिळू शकतात. तुमच्या मुलीचे लेखी 61. कदाचित तिने वरचे प्रश्नही काही सोडवले असतील आणि खालच्यात चुका झाल्या असतील. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असती तर नक्की कळलं असतं. पण 81 वाल्या मुलांच्या ज्या वह्या मी पाहिल्यात, त्यांत बहुतेकांची गाडी तिसऱ्या प्रश्नापाशी थांबलेली असते. आणि अकरावीचं गणित सुरूच होतं चौथ्या प्रश्नापासून. तिथे चौकट आखून देणारं कुणी नसतं.

हे एकदा एका टॉवेल कारखानदार पालकांना समजावत होतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचे माग. मी पाच मिनिटं बोललो. ते म्हणाले, ‘सर, सरळ सांगा की, खळ जास्त चढवलीय. पहिल्या धुण्यात कळतं कापड केवढं हाय ते.’ घटक चाचणी म्हणजे ते पहिलं धुणं. कापड वाईट असतं असं मात्र नाही, एवढं त्यांच्या वाक्यात मी माझ्याकडून घातलं.

आता अंतर्गत 20 गुणांबद्दल, म्हणजे माझ्या गुन्ह्याबद्दल.

कागदावर हे गुण चांगल्या हेतूचे आहेत. गणितात गृहपाठाचे 10 आणि बहुपर्यायी चाचणीचे 10, भाषांमध्ये तोंडी, विज्ञानात प्रयोग. तीन तासांच्या पेपरात जे पकडता येत नाही ते वर्षभर पाहणाऱ्या शिक्षकाने नोंदवावं, ही कल्पना मला आजही पटते. हे गुण आले तेव्हा सुरुवातीच्या एका वर्षी मी ती मनापासून पाळली. ज्याने गृहपाठ केला नाही त्याला 12, ज्याने केला पण समजून केला नाही त्याला 14, खरोखर चांगल्या दोघा-तिघांना 19. गुणांचा तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला आणि मला बोलावणं आलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पलीकडच्या शाळेने सगळ्यांना 20 दिलेत. आपली पोरं मागं राहिली तर त्यांच्या आईबापाला तुम्ही उत्तर देणार का?’ मी तक्ता बदलला नाही. त्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा हव्या त्या कॉलेजच्या यादीतून थोडक्यात बाहेर राहिला. मी त्याला 14 दिले होते. आई विडी कामगार. ती माझ्याकडे भांडायला आली नाही, फक्त ‘सर, थोडं देता आलं नसतं का’ म्हणाली. पुढच्या वर्षापासून मीही 19-20 द्यायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत देत राहिलो.

त्यामुळे शाळेने गुण वाटले का, याचं उत्तर ‘हो’ असं आहे. पण तुमच्याच शाळेने नाही, सगळ्यांनीच. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहताना गर्दीत पुढचा टाचा उंचावून उभा राहिला की मागच्यालाही राहावं लागतं. शेवटी सगळेच चवड्यांवर उभे असतात आणि नंदीध्वज पहिल्याइतकेच दिसतात. एकट्या शिक्षकाला प्रामाणिकपणाची किंमत मोजावी लागत नाही, ती त्याच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून ‘शिक्षकांनी कडक व्हावं’ असं कुणी सभेत म्हणालं की मी गप्प बसतो.

बोर्ड निकाल फुगवतं का, या प्रश्नावर लोक चहाच्या गाड्यावर तावातावाने बोलतात. आपल्याला त्यापेक्षा बरं काहीतरी उपलब्ध आहे. नकळत एक प्रयोगच झालेला आहे. मार्च 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि लेखी परीक्षा पूर्ण 100 ची केली. निकाल थेट 77.10 वर आला. शंभर टक्के मिळवणारे राज्यात फक्त 20 उरले. मग ओरड झाली. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत, अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडणार, असा मुद्दा होता. आणि तो खोटा नव्हता. त्याच वर्षी 20 गुण परत आले. मार्च 2020 चा निकाल 95.30 लागला, शंभर टक्केवाले 242 झाले.

हे वाचून लगेच ‘बघा, 18 टक्के सूज!’ म्हणू नका. दोन गोष्टी मध्ये आहेत. 2019 ला दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता, कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा नमुना, नवी होती, शिक्षकही चाचपडत होते. त्यामुळे ती घसरण सगळीच गुणपद्धतीची नव्हती. आणि 2020 ला भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. तरीसुद्धा दिशा स्पष्ट आहे. पुढे 2021 ला परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, असा हिशेब शाळांनीच केला. निकाल 99.95 टक्के, शंभर टक्केवाले 957. मी शाळांना दोष देत नाही, त्या वर्षी दुसरं काय करणार होतो? पण गुणांची सगळी किल्ली शाळेच्या हातात दिली की काय होतं, ते त्या आकड्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. परीक्षा परत सुरू झाल्यावर निकाल 2022 ला 96.94, 2023 ला 93.83, 2024 ला 95.81, 2025 ला 94.10 असे राहिले. म्हणजे आता ही पातळी मुरली आहे.

आणि जुन्या काळचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक सांगायचंय. ‘आमच्या वेळी 60 टक्के म्हणजे बोलायचं काम नव्हतं’ म्हणणाऱ्या काकांना मी ओळखतो, त्यांचे पेपर तपासणाऱ्यांनाही ओळखत होतो. त्या कडकपणात बराचसा हट्ट होता. मराठीच्या निबंधाला पूर्ण गुण द्यायचेच नाहीत, हा काही दर्जाचा निकष नव्हता, सवय होती. गणितात शेवटचं उत्तर चुकलं की संपूर्ण उदाहरणावर काट मारणारे परीक्षक मी पाहिलेत. नमुना उत्तरपत्रिका आली, पायरीपायरीला गुण देणं आलं, त्यातून गुण वाढले ते योग्यच वाढले. एका कार्यशाळेत आम्ही एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शिक्षकांना तपासायला दिली होती. गणितात दोन-तीन गुणांचा फरक पडला. मराठीच्या निबंधाला मात्र 8 पैकी कुणी 3 दिले, कुणी 7. दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. तेव्हा गुणवाढीचा प्रत्येक गुण सूज नसतो, आणि कमी गुण म्हणजे दर्जा असंही नसतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गुणांना दोन कामं असतात. एक, या मुलाला काय येतं ते सांगणं. दुसरं, हा इतरांच्या तुलनेत कुठे आहे ते सांगणं. सगळ्यांचेच गुण वाढले तर दुसरं काम काही काळ निभतं, क्रम तोच राहतो. पण वर छत आहे ना, शंभराचं! मुलं छताला जाऊन चिकटतात. 90 ते 100 च्या त्या माळ्यावर इतकी दाटी होते की चित्रकलेच्या 7 गुणांनी नाहीतर खेळाच्या सवलतीच्या गुणांनी क्रम ठरायला लागतो. आणि पहिलं काम तर केव्हाच बंद पडलंय. 81 म्हणजे नेमकं काय येतं, हे मी गणिताचा शिक्षक असूनही गुणपत्रिकेवरून सांगू शकत नाही. वर अर्धं पान हिशेब केला तेव्हा कुठे अंदाज बांधता आला.

हे दहावीत अचानक होत नाही. पहिलीपासून आठवीपर्यंत श्रेण्या असतात, अ-1, अ-2, ब-1 अशा. 2010 मध्ये आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन आलं तेव्हा मी त्याच्या बाजूने होतो, कल्पना म्हणून आजही आहे. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची: काय जमतं, कुठे अडतं. साठ मुलांचा वर्ग, सगळे विषय, दोन सत्रं. काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. तयार नोंदींची पुस्तकं आली, स्टेशनरीच्या दुकानात मिळायला लागली. ‘वर्गात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य मी एका वर्षी एकाच रजिस्टरात सलग अकरा मुलांपुढे पाहिलं, त्यातला एक मुलगा जूनपासून शाळेत आलेला नव्हता.

मग नववीत खरी चाळण लागते, आणि ती मुलाच्या भल्यासाठी कमी, दहावीच्या निकालासाठी जास्त. कच्ची मुलं नववीत ठेवायची किंवा ‘17 नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून बाहेरून बसवायची. दहावीचा निकाल शंभर टक्के, फ्लेक्स तयार. फ्लेक्सवर न दिसणारी ही मुलं निकालाच्या चर्चेत कधीच येत नाहीत. नापास होणं संपलेलं नाही, ताई. त्याची जागा बदलली आहे.

तुमच्या मुलीच्या 9 गुणांमागे आणखी एक कारण असू शकतं, ज्याचा गुणवाढीशी संबंध नाही, म्हणून वेगळं काढतो. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, असा प्रवास करणारी मुलं खूप आहेत. तुमची मुलगी सेमीची, तिला गणित-विज्ञानाचे शब्द इंग्रजीत माहीत आहेत. पण अकरावीच्या वर्गात समजावून सांगणंसुद्धा इंग्रजीत होतं, आणि शंका विचारायचीही इंग्रजीत. मग शंका विचारलीच जात नाही. माझ्या वर्गातली हुशार पोरं या एका कारणाने पहिले तीन महिने मुकी झालेली मी पाहिलीत. चाचणीचा पेपर घेऊन बसा. उदाहरण मांडलं पण पुढे गेलं नाही, की प्रश्नच कळला नाही, एवढं तिला विचारा. दोन्हींचा इलाज निराळा आहे.

पुढच्या वाटेबद्दल एक खुलासा. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो, बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातल्या साधारण नव्वदांच्या बरोबरीने किंवा पुढे. तिथे सगळ्यांना 20 वाटले तरी कुणाचंही पर्सेंटाइल हलत नाही. म्हणूनच दहावीत हवेत तरंगलेली मुलं तिथे जमिनीवर येतात आणि घरात ‘पोरगी अभ्यास करेनाशी झाली’ असा समज होतो. ती कदाचित दहावीइतकाच अभ्यास करत असेल, मोजपट्टी बदलली आहे. त्याच जोरावर क्लासवाले दोन वर्षांची लाखभर फी मागतात. तुम्ही क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. आधी पुढची चाचणी घेऊन मग पैसे भरा, एवढंच.

म्हणजे तिसरा प्रश्न, सायन्स सोडावं का.

एका घटक चाचणीवरून हा निर्णय घेऊ नका. रविवारी सकाळी बोर्डाच्या मागच्या तीन वर्षांच्या दहावीच्या प्रश्नपत्रिका काढा, बीजगणित आणि भूमिती दोन्ही. त्यातले फक्त प्रश्न चौथा आणि पाचवा द्या. पर्याय सोडून सगळीच उदाहरणं सोडवायला सांगा. गाईड नाही, मोबाइल नाही, घड्याळही लावू नका. एका बैठकीत एक पेपर पुरे. बरोबर किती आली ते मोजू नका. उत्तर चुकलं तरी चालेल, पण सुरुवात स्वतःची आहे का ते बघा. आकृती काढली का? दिलेली माहिती लिहून काढली का? एक वाट अडली तर दुसरी धरली का, की पाच मिनिटांत पेन खाली ठेवून ‘हे आम्हाला शिकवलं नव्हतं’ म्हणाली?

निम्म्या उदाहरणांत जरी ती झटापट करताना दिसली, तर मुलगी सायन्सची आहे. तिला दिवाळीपर्यंत वेळ द्या आणि फ्लेक्सचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवरून काढून टाका. झटापट दिसली नाही पण तिला स्वतःला सायन्सच हवं असेल, तर दहावीचीच भूमिती आणि वर्गसमीकरणं महिनाभर पुन्हा करून घ्या, यावेळी चौकटीविना. रोज तीनच उदाहरणं, पण पूर्ण लिहून. माझ्याकडे आलेल्यांपैकी बरीच मुलं यातून उभी राहिली. काही राहिली नाहीत, त्यांतली दोघं आज कॉमर्सला जाऊन सुखात आहेत.

आणि तिलाच सायन्स नको असेल, ती केवळ ‘नव्वदच्या वर मिळाले म्हणून’ तिथे बसली असेल, तर तिला वेगळं विचारा. वडील समोर नसताना विचारा. आमच्याकडे बहुतेक मुली खरं ते पोळ्या लाटताना सांगतात.